शेवटच्या कडव्यातलं नाव

चंद्रशेखरआबांसमोर कॅसेट हा शब्द काढायची सोय नाही, हे जानेफळात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. काढलात की गेली तुमची दुपार. आबा ओट्यावर मांडी घालणार, चष्मा कपाळावर चढवणार आणि सुरू होणार, "काय सांगू बापू तुले, काय दिवस व्हते ते!" मग समोरच्याचा चहा थंड होवो की गाडी चुको, आबांना त्याचं सोयरसुतक नाही.

आबा मेहकर आगाराचे रिटायर कंडक्टर. तिकिटं फाडण्यात तीस वर्षं गेली, पण कंडक्टर म्हणून त्यांना कोणी ओळखत नाही. ओळखतात ते ‘कवी-गायक चंद्रशेखर आणि पार्टी’ म्हणून. चौऱ्याऐंशी सालापासून पुढची बारा-तेरा वर्षं, जयंतीचा एप्रिल लागला की या पार्टीला जेवायला फुरसत नसायची. आज बीबी, उद्या साखरखेर्डा, परवा पार जालन्याच्या हद्दीत. दोन बैलगाड्या जोडून त्यावर फळ्या टाकल्या की झालं स्टेज. समोर सतरंजीवर बाया, मागं माणसं, लिंबाच्या झाडावर पोरं. दोन पार्ट्यांचा मुकाबला असायचा. एकीनं गाण्यातून सवाल टाकायचा, दुसरीनं गाण्यातूनच जवाब द्यायचा. नाही आला जवाब, तर पेटी आवरायची आणि मान खाली घालून गावाबाहेर पडायचं.

आणि एक रीत फार कडक होती. शेवटच्या कडव्यात कवीचं नाव आलंच पाहिजे. त्याला छाप म्हणत. कोणी लिहिलं हे लोकांना त्या ओळीवरूनच कळे, आणि नाव आलं की टाळ्या पडत. चंद्रशेखर या नावाला जेवढ्या टाळ्या पडल्या तेवढ्या त्या काळी आमदारालाही पडल्या नसतील. हे आमचं म्हणणं नव्हे, आबांचंच आहे.

मग पंच्याण्णव साली कॅसेट निघाली. तिच्या कागदावर छापलं होतं, ‘गीत, संगीत, गायन : चंद्रशेखर’. आणि गंमत बघा, कॅसेट निघाली आणि दोन-तीन वर्षांत पार्टीच बसली. का बसली म्हणून विचारलंत की आबा सांगतात, "अरे, डीजे आला ना बाप्पा! त्यानं मारलं सगळं." लोक माना डोलावतात. घरात भाकऱ्या थापणाऱ्या महामायाबाई, म्हणजे आबांच्या मंडळी, त्या मात्र यावर कधी हो म्हणाल्या नाहीत की नाही म्हणाल्या नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात काजल आली. आबांचा मुलगा राजकुमार बुलढाण्याला मास्तर आहे, त्याची ही पोरगी, कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. पोरगी हुशार, वागायला गोड, पण तिला रॅपचा नाद. सकाळी उठल्यापासून कानात ते इअरफोनचं बोंडूक आणि तोंडात पुटपुट. आबा दोन दिवस सहन करत राहिले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "काऊन वं पोट्टे, हे गाणं हाय का शेजाऱ्यासंग भांडण?"

काजल चिडली नाही. तिनं कानातलं एक बोंडूक काढून आबांच्या कानात घातलं आणि म्हणाली, "आबा, तुम्ही फक्त श्वास ऐका. हा माणूस श्वास कुठी घेते ते सांगा."

इंग्रजी आबांना शून्य कळत होतं. पण श्वासाचं त्यांना सगळं कळत होतं. त्यांनी डोळे मिटले. ओट्यावर आजोबा आणि नात, मध्ये एकच वायर. थोड्या वेळानं आबांचं बोट मांडीवर पडायला लागलं. "थांब थांब," ते म्हणाले, "हे काय केलं त्यानं? एका दमात चार येळा जुळवलं! ओळीच्या शेवटी तं जुळवलंच, पण मधातबी जुळवून राह्यला लेकाचा. पाह्य, पुन्हा लाव."

"कळलं ना?" काजल खूश झाली. "याच्यात सूर नाही पाहायचा. शब्द पाहायचा, तो ठोक्यावर कसा बसते ते पाहायचं."

"अवं, मले शिकवून राह्यली का! बीबीच्या मुकाबल्यात आम्ही हेच करत व्हतो." पण असं म्हणता म्हणता आबांनी दुसरं बोंडूकही मागून घेतलं.

त्या दिवसापासून दुपारी शाळाच भरायला लागली. काजलनं सांगितलं की अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं हे गाणं. त्यांचे आजे-पणजे कापसाच्या शेतात गुलाम म्हणून राबले, रडले, त्यांच्या देवळात, चर्चमध्ये, गळा काढून गायले. त्या गाण्याचं पुढं पोरांनी आपलं गाणं केलं, प्रेमाचं, दुःखाचं, त्याला ते सोल म्हणतात, आत्म्याचं गाणं. आणि त्यांच्या पोरांकडं पेटी-तबला घ्यायला पैसा नव्हता, तर त्यांनी काय केलं? मायबापाच्या जुन्या तबकड्या काढल्या, त्यातला एखादा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवला आणि त्यावर आपले शब्द टाकले. "खाली मायचा आवाज, वरतं लेकराचे बोल," काजल म्हणाली.

कापूस म्हटल्यावर त्यांना काही वेगळं समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांचा बाप दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचत गायचा, ते गाणं त्यांना एकदम आठवलं आणि त्याचे शब्द मात्र एकही आठवेनात. "आपुन काहीच जपून ठेवलं नाही पोरी," ते म्हणाले.

मग एके दिवशी काजल म्हणाली, आता बिनवाजपाचं ऐका. ती उभी राहिली आणि नुसतं बोलायला लागली. आबा हसले, "पेटी नाही, ढोलकी नाही, अन् याले कविता म्हणतं? हे तं सरपंचाचं भाषण झालं!" पण काजल थांबली नाही.

"माह्या वर्गात म्हणतात, तुही भाषा गावंढळ हाय.
हाव, हाय ना.
तुमची येते पुस्तकातून,
माही चुलीपासून आली.
आजीनं फुंकर मारली तवा तिच्यात जाळ झाला."

दारात महामायाबाई हातात उलथनं घेऊन उभ्या होत्या. भाकर तव्यावर करपली तरी त्यांना पत्ता नाही. "आणखी म्हण," एवढंच त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा इतका उजळलेला आबांनी कितीतरी वर्षांत पाहिला नव्हता. त्यांना बरंही वाटलं आणि कुठंतरी टोचलंही.

काजलच्या डोक्यात एक खूळ होतं. जानेफळच्या विहाराच्या सभागृहात रविवारी तिचा आणि तिच्या दोन मैत्रिणींचा कार्यक्रम ठरला होता. त्यात तिला आबांच्या कॅसेटचा तुकडा वाजवायचा होता. खाली आबांचा आवाज, वर तिचे बोल. आबा तर हरखूनच गेले. ट्रंकेतली कॅसेट काढली, पेन्सिल घालून फीत गुंडाळली, कुठून तरी टेप मिळवला. आणि तीस वर्षांपूर्वीचा तो खणखणीत आवाज ओट्यावर घुमला.

"अक्षर अक्षर वेचुन तिनं रचला घरचा पाया,
थेंब दिव्याच्या तेलाचाही जाऊ न दिला वाया,
उन्हात काया झिजली तरिही कधी न मागे छाया,
तीच कहाणी गाउन सांगे लेकींस चंद्रशेखर."

मायचं गाणं ते. आबांचं सगळ्यात गाजलेलं. बाया पदरानं डोळे पुसायच्या आणि कार्यक्रम संपल्यावर म्हणायच्या, "धन्य तुमची माय." आबांची माय, खरं सांगायचं तर, पोरांना शाळेत घालण्याच्या सक्त विरोधात होती. पण लोकांना एवढं कशाला सांगत बसायचं?

काजलनं तुकडा पुन्हा लावला. मग तिसऱ्यांदा लावला. तिच्या कपाळाला आठी पडली. "आबा, पाया, वाया, छाया. अन् मंग एकदम शेखर? चौथी ओळ लंगडी काऊन पडते?"

आबा कॅसेटची डबी पुसत बसले. तिनं दुसरं गाणं लावलं. त्याचंही शेवटचं कडवं असंच, जाया, काया, राया आणि मग धाडकन चंद्रशेखर. तिसऱ्याचंही तेच. "बाप्पा! हरेक गाण्यात?" काजल हसायला लागली. "तुम्ही ‘आया’चंच यमक कामून घेता जी आबा, तुमचं नाव तं त्यात बसतच नाही. तुमच्यात कोणी एवढं चुकलं असतं तं तुम्हीच त्याले स्टेजवरून उतरवलं असतं. अठी नाव पाहिजे व्हतं असं की…"

"छापेच्या ओळीले यमक माफ असते," आतून महामायाबाईंचा आवाज आला, शांत, रोजच्यासारखा. "तशी रीतच व्हती आमच्या काळात. नको भंडावू आबाले. चाल, जेवून घे."

अशी रीत कुठंच नव्हती. हे आबांना माहीत होतं आणि महामायाबाईंना तर त्याहून जास्त माहीत होतं. चाळीस वर्षं संसार केला, बाई कधी खोटं बोलली नव्हती. आज बोलली, तेही त्यांना वाचवायला. आबा भाकर नुसतीच कुस्करत बसले. जेवता जेवता काजल तिच्या मैत्रिणींचं सांगत होती. "आमच्यात एक हाय आबा. दुसऱ्यानं लिहिलेलं आपलं म्हणून गायलं ना, तं तोंड दाखवाची सोय राह्यत नाही. चालीचा तुकडा घ्या, आवाज घ्या, पण बोल ज्याचे त्याचेच." आबांनी ताटातच हात धुतला आणि उठले.

गोष्ट साधी होती. महामाया साखरखेर्ड्याची. तिचा बाप कलापथकात गाणी लिहायचा. ती नववी शिकलेली, लग्न होऊन आली तेव्हा आबांपेक्षा दोन वर्ग पुढं. आबांचा गळा देवानं दिल्यासारखा, पण लिहायला बसले की घाम फुटायचा. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तिची माय वारली. रोजगार हमीवर खडी फोडून जिनं पोरींना शिकवलं, ती. महामायेनं जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागं ते गाणं लिहिलं आणि शेवटच्या ओळीत, तिच्या बापाच्या रीतीप्रमाणं, आपलं नाव घातलं. लेकींस महामाया.

ढोलकीवाला रंगराव तेव्हा म्हणाला, "अबे चंद्या, गडीमाणूस बाईच्या नावाची छाप मारते का? लोक हासतीन." आबांनी घरी येऊन विचारलं. महामायेनं चुलीत एक काडी सारली आणि म्हणाली, "टाका तुमचंच. गाणं लोकाइपर्यंत गेलं पाह्यजे." मात्रा तेवढ्याच, नाव चालीत बसलं. यमक तुटलं ते आबांनी आवाजाच्या जोरावर झाकलं. टाळ्या पडल्या. मग पुढचं गाणं, मग त्याच्या पुढचं. ती दरवेळी शेवटचं कडवं आपल्या नावाच्या यमकात लिहायची, आणि हे दरवेळी आपलं नाव ठोकायचे. एकदाही ती म्हणाली नाही की आता यमक बदलते. एकदाही यांनी विचारलं नाही की तू बदलत काऊन नाहीस.

कॅसेट घरी आली त्या दिवशी तिनं तो कागद वाचला, घडी केली, पुन्हा डबीत घातला. त्यानंतर तिनं एक ओळ लिहिली नाही. नवीन गाणी बंद, म्हणून पार्टी बंद. डीजे बिचारा फुकट बदनाम झाला. आबांना हे तेव्हाही कळत होतं. कळत नव्हतं असं सांगणार तरी कोणाला?

शनिवारी ते रंगरावांकडं गेले आणि लोकांत खरं सांगून टाकू का म्हणाले. रंगराव आता ऐकू कमी येतं म्हणून ओरडून बोलतात. "पागल झाला का बे? चाळीस वर्सं झाली, कोणाले पडलं त्याचं! सांगशीन तं गावात इज्जत राहीन का? कवी म्हणून हार घालतात लोक तुले!" आबांना ते पटलंही. खरं तर त्यासाठीच ते गेले होते. पण परत येताना त्यांना वाटेत कोणी तरी हाक मारली, "काय कवीराज!" आणि आबांना, आयुष्यात पहिल्यांदा, मागं वळून बघावंसं वाटलं नाही.

रविवारी पाच वाजता सभागृह भरलं. महामायाबाई बायांत बसल्या, चौथ्या ओळीत, नेहमीसारख्या भिंतीला टेकून. काजलनं सुरुवात केली. खाली आबांचा तरुण आवाज, त्यावर ढोलकीचा तुकडा कापून केलेला ठोका आणि वर तिचे बोल, चुलीचे, खडीचे, कॅलेंडरच्या पाठीमागं लिहिणाऱ्या हातांचे. कॅलेंडरचं तिला कोणी सांगितलं होतं? आबांनीच. सकाळी तिला बाजूला घेऊन सगळं सांगितलं होतं. पोरगी रडली होती, चिडली होती आणि मग म्हणाली होती, "मले सांगून काय उपयोग आबा?"

गाणं संपलं. टाळ्या थांबेनात. "आता हे गाणं ज्यांनी गायलं ते," असं म्हणून काजलनं आबांना वर बोलावलं. कोणी तरी शाल आणली. आबांनी ती हातानं बाजूला सारली आणि माईक धरला.

"हे गाणं माहं नाही," आबा म्हणाले. "यातलं एकबी गाणं माहं नाही. आवाज माहा, बाकी सगळं राजकुमारच्या मायचं. गाण्यातली मायबी माही नव्हती, तिची व्हती. म्या तिचं नाव काढलं अन् माहं टाकलं. चाळीस वर्सं टाकलं."

"अबे चंद्या, खाली बस!" मागून रंगराव ओरडले. कोणी हसलं, कोणी हसणाऱ्याला गप्प केलं. बायांच्या माना एकेक करून भिंतीकडं वळल्या. महामायाबाईंनी पदर डोक्यावरून पुढं ओढला होता. चेहरा दिसत नव्हता.

काजल खाली उतरली, आजीचा हात धरून तिला वर घेऊन आली. बाई येत नाही म्हणत होत्या, पण येतही होत्या. "एक कडवं म्हण आजी. शेवटचं. तुह्या नावाचं." काजलनं ठोका लावला, अगदी हळू.

महामायाबाईंनी गळा साफ केला. आवाज पातळ होता, म्हातारा होता, पण प्रत्येक शब्द जागच्या जागी. अक्षर अक्षर वेचुन तिनं रचला घरचा पाया. थेंब दिव्याच्या तेलाचाही. उन्हात काया झिजली तरिही. बाईंनी चौथी ओळ घेतली.

"तीच कहाणी गाउन सांगे लेकींस चंद्रशेखर."

त्यांच्या लक्षातच आलं नाही आधी. लोक का गप्प आहेत म्हणून त्या इकडंतिकडं पाहायला लागल्या. मग कळलं आणि त्यांनी पदर तोंडाला लावला. "चुकलं बाई," त्या काजलला म्हणाल्या, माईकमधून सगळ्यांना ऐकू गेलं. "मले आता असंच पाठ झालं."

सगळ्या गावासमोर कबुली देऊन आबांना वाटलं होतं की घेतलेलं परत केलं, सुटलो. हे असं काही होईल हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

पूर्वी चुलीपुढं ओळ ती सांगायची आणि आबा तिच्यामागून म्हणायचे, नीट बसेपर्यंत. आज आबा तिच्याशेजारी जाऊन उभे राहिले. ज्या बाईला त्यांनी जन्मभर ‘अवं’ म्हणून हाक मारली, तिचं नाव त्यांनी माईकवर सुरात घेतलं. "लेकींस महामाया. म्हण माह्यामागं."

पहिल्यांदा ती ‘चं’पर्यंत गेली आणि थांबली. दुसऱ्यांदा तिला हुंदका आला. आबांनी पुन्हा ओळ सांगितली. तिसऱ्या खेपेला तिला तिचं नाव बरोबर म्हणता आलं.